फोनोचं भोक रिकामं आणि बास फुल्ल

(वाचकांचे प्रश्न, आमच्या बेळगावच्या दुरुस्ती-टेबलावरून उत्तरं)

प्रश्न : निपाणीहून एक निवृत्त शिक्षिका लिहितात :

स.न.वि.वि. आमच्या अप्पांनी १९८२ साली घरात स्टीरिओ लावला. अ‍ॅम्प्लिफायर जपानी, मस्कतला नोकरीला असलेल्या मामांनी आणलेला. रेकॉर्ड चेंजर, म्हणजे तबकड्या आपोआप बदलणारा प्लेअर, त्याच्या आधीचा, गॅरार्डचा, चार स्पीडचा. दोन मोठे लाकडी स्पीकर बॉक्स, वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) आठ इंची. एलपी दीडशेच्या आसपास, शिवाय ७८ च्या जुन्या तबकड्यांची एक पेटी. अप्पा गेल्यावर सगळं माझ्याकडे आलं. आता तक्रारी अशा : चालू केलं की डावा बॉक्स मुका असतो. आवाज बराच मोठा केला की एकदम बोलायला लागतो आणि मग दिवसभर नीट चालतो. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर होते. गाणं लावलेलं नसलं तरी बारीक घूंऽऽ चालूच असतं आणि बटण पूर्ण खाली आणलं तरी ते कमी होत नाही. मुळात आवाजच पातळ आहे, तंबोऱ्याचा खर्ज ऐकू येत नाही. म्हणून अप्पा बासचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवायचे, मीही तसंच ठेवते. अलीकडे उजव्या बॉक्समधून खालच्या सुरांना फरफर येते. चेंजरची वायर मागे ‘ऑक्स’मध्ये खोचलेली आहे. शेजारचं ‘फोनो’ लिहिलेलं भोक रिकामं आहे. अप्पा म्हणायचे, तिथं लावलं की आवाज फाटतो. एका दुरुस्तीवाल्याने झाकण न उघडताच सांगितलं, ‘याचे पार्ट मिळत नाहीत बाई, साडेतीन हजारात मला देऊन टाका.’ पुण्यातला मुलगा म्हणतो, साउंडबार घे. मी चाळीस हजार बाजूला काढलेत. नवं घेऊ की हेच ठेवू?

उत्तर : ताई, इतकं नेमकं पत्र फार क्वचित येतं. बहुतेक पत्रांत ‘आवाजात मजा नाही’ एवढंच असतं. तुम्ही बासचं बटण आणि ते रिकामं भोक, दोन्ही लिहिलंत, त्यामुळे निम्मं काम तिथंच झालं. आधी निकाल सांगतो : अ‍ॅम्प्लिफायर ठेवा, बॉक्स ठेवा, दोन्ही दुरुस्त करा. नवं घ्यायचं ते रेकॉर्ड प्लेअर. आणि जुना चेंजरही भंगारात घालू नका, त्याचं काम पुढे सांगतो.

संच जुना झाला म्हणजे सगळाच म्हातारा झाला असं नसतं. जे हलतं ते झिजतं : सुई, रबराचा पट्टा, स्पीकरच्या कोनच्या (पुढच्या हलणाऱ्या पडद्याच्या) कडेची रिंग, बटणांच्या आतली पट्टी. जे ओलं असतं ते सुकतं, म्हणजे कंडेन्सर. बाकी ट्रान्स्फॉर्मर, लोखंडी चॅसिस, लाकूड, वूफरचं लोहचुंबक यांना चाळीस वर्षं म्हणजे काहीच नाही. उलट, असला वजनदार ट्रान्स्फॉर्मर आज घरगुती संचात घालायला कंपन्यांच्या जिवावर येतं.

तुमच्या तक्रारी एकेक घेऊ. डावा बॉक्स आवाज वाढवल्यावरच बोलतो, यात ट्रान्झिस्टर गेलेला नाही, बॉक्सही गेलेला नाही. अ‍ॅम्प्लिफायर चालू केल्यावर चार-पाच सेकंदांनी आतून ‘टक्’ असा आवाज येत असेल बघा. तो रिले. स्पीकरला करंटचा धक्का बसू नये म्हणून तो थोडा थांबून वाट उघडतो. त्याच्या टिकल्यांवर वर्षानुवर्षांत काळा थर बसतो; हलका आवाज त्या थरातून पार होत नाही, मोठा झाला की झटक्यात होतो. रिले बदलायचा, तेही त्याच मापाचा मिळतो. क्वचित हाच खेळ पुढच्या ‘टेप मॉनिटर’ बटणात असतो. संच बंद असताना ते बटण वीस-पंचवीस वेळा दाबून-सोडून बघा, फुकटचं काम आहे. तेवढ्यानं बरं वाटलं नाही तर स्पीकरच्या वायरी, अर्थात संच बंद करूनच, डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावा. मुकेपणा दुसऱ्या बॉक्सकडे गेला तर दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, त्याच बॉक्सकडे राहिला तर बॉक्समध्ये. दुरुस्तीवाल्याकडे जाण्याआधी एवढं घरी करून जावं. मग समोरचा माणूस जपून बोलतो.

खरखर म्हणजे व्हॉल्यूमच्या आत कार्बनच्या पट्टीवर साठलेली धूळ. त्यासाठी कॉन्टॅक्ट क्लीनरच मारायचा, सायकलच्या साखळीला मारतात तो फवारा नव्हे. त्याचं तेल आत राहतं आणि पुढच्या पावसाळ्यात धुळीचा चिखल होतो.

घूं आवाज व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी तेवढाच राहतो, हे तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं. बटणाबरोबर कमी-जास्त झाला असता तर दोष आधीच्या भागात, बहुधा प्लेअरच्या अर्थिंगच्या वायरीत धरला असता. कायम राहतो म्हणजे पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर सुकले. आपली लाइन ५० हर्ट्झची, ती सरळ केल्यावर १०० हर्ट्झची लाट उरते. ती लाट गिळण्याचं काम त्या दोन जाडजूड डब्यांचं. ते आता गिळत नाहीत. दोन्ही बदला, तेवढ्याच किंवा थोड्या जास्त व्होल्टचे आणि १०५ डिग्री ताप सोसणारे घाला. हा पार्ट मिळत नाही असं सांगणाऱ्याला मी काय म्हणू? बेळगावात मिळतो, कोल्हापुरात मिळतो, हुबळीत मिळतो.

‘पार्ट मिळत नाहीत’ असं कुणी म्हणालं की एकच प्रश्न विचारायचा : कुठला पार्ट, नंबर सांगा. खरी अडचण एकाच ठिकाणी येते. काही जपानी संचांत शेवटच्या टप्प्याला सुटे ट्रान्झिस्टर नसून एसटीके नावाची अख्खी काळी पट्टी असते. ती जळली तर आज बाजारात मिळणाऱ्यांत नकलीच जास्त. सुटे ट्रान्झिस्टर असतील तर त्यांना पर्याय सापडतो. तुमचे दोन्ही बाजूंचे बोल नीट येतात, म्हणजे तो प्रश्न आज तरी नाही. आणि ज्याला ‘पार्ट मिळत नाहीत’ तोच साडेतीन हजार रोख मोजायला तयार आहे, हे तुमच्याही लक्षात आलं असेलच.

काम करून घेताना दोन गोष्टींचा आग्रह धरा. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा करंट देताना सिरीज बल्ब, म्हणजे लाइनच्या वाटेत जोडलेला साधा बल्ब, लावूनच द्यायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो आणि अ‍ॅम्प्लिफायर वाचतो. दुसरं, स्पीकर जोडण्याआधी मल्टिमीटरनं स्पीकरच्या खुंट्यांवर डीसी मोजून दाखवा म्हणावं. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. शंभराच्या वर असेल तर बॉक्स जोडू देऊ नका. हे मोजायला दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि न मोजल्यामुळे वूफरची वायंडिंग जळालेले बॉक्स माझ्या टेबलावर अजून येतात. झाकण मात्र तुम्ही स्वतः उघडू नका. प्लग काढला तरी त्या मोठ्या कंडेन्सरमध्ये करंट साठून असतो.

मस्कतचा संच म्हणता, तर मागच्या बाजूला व्होल्टेजची चकती असेल, ११०-१२० पासून २४० पर्यंत. बहुतेक जण ती २२० वरच सोडतात. आपल्याकडे मध्यरात्रीनंतर, पंप बंद झाले की लाइन कुठवर चढते हे निपाणी-चिकोडीच्या माणसाला मी सांगायला नको. चकती २४० वर करा. आवाजात फरक पडणार नाही, आतला ताप कमी होईल.

आता बासचं बटण, कारण खरी गोम इथं आहे.

तुमच्या गॅरार्ड चेंजरला सिरॅमिक पिन असणार. पिन म्हणजे सुई ज्यात बसते तो छोटा भाग, कार्ट्रिज. त्या काळच्या घरगुती चेंजरांना बहुधा तीच असायची. सुईशेजारी एक छोटी कळ असेल, एका बाजूला ‘एलपी’, दुसऱ्या बाजूला ‘७८’. ती फिरवली की सुई पालथी होते. असली तर माझा अंदाज पक्का. ही पिन चांगला दणकट करंट देते, काही शे मिलिव्होल्टचा. फोनोचं भोक मात्र मॅग्नेटिक पिनसाठी असतं, जी जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट देते. तिथं सिरॅमिक लावली की आवाज फाटणारच. अप्पांनी ऐकून बरोबर ओळखलं आणि वायर ऑक्समध्ये लावली. तिथं दुसरी अडचण आली. सिरॅमिक पिनला पुढे दहा लाख ओहमच्या आसपासचं भोक लागतं, तरच ती खालचे सूर पूर्ण सोडते. ऑक्सचं भोक असतं पन्नास हजाराच्या आसपास. म्हणून खर्ज गळतो आणि वरचा चरचराट उरतो. तंबोरा गेला, तबल्याचा डग्गा गेला. मग बास फुल्ल. बास फुल्ल म्हटल्यावर चेंजरच्या मोटरची घरघर आणि तबकडीचा वाकडेपणासुद्धा फुल्ल, आणि वूफरचा कोन वर्षानुवर्षं नको तेवढा आत-बाहेर. उजव्या बॉक्सची फरफर तिथून आली असणार.

म्हणजे ताई, त्या अ‍ॅम्प्लिफायरचा जो भाग जपान्यांनी सगळ्यात मन लावून बनवला होता, तो फोनोचा टप्पा, तुमच्या घरात आजवर एकदाही नीट वापरलेला नाही. त्या टप्प्याचं काम नुसतं आवाज वाढवायचं नसतं. एलपी कापताना खालचे सूर मुद्दाम लहान आणि वरचे मोठे करून कापतात, म्हणजे घळी अरुंद राहतात आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मावतात. वाजवताना ते बरोबर उलटं करावं लागतं. त्याचं माप १९५४ पासून ठरलेलं आहे, त्याला आरआयएए म्हणतात. फोनोच्या भोकामागे ते बसवलेलं असतं. मॅग्नेटिक पिन लावून, बासचं बटण मध्यावर ठेवून एकदा मल्लिकार्जुन मन्सूर ऐका, मग मुलाला फोन करून साउंडबारचं काय ते सांगा. कुमार गंधर्व लावले तरी चालेल, त्यांचं जन्मगाव सुळेभावी काय, आमच्या बेळगावजवळचंच, घरचंच.

म्हणून चाळीस हजारांतला मोठा वाटा टर्नटेबलला द्या. घेताना सुटकेससारखे दिसणारे गोंडस प्लेअर टाळा. त्यांत बहुतेक वेळा पुन्हा सिरॅमिकच पिन असते आणि ती तबकडीवर पाच-सहा ग्रॅमचा भार टाकते. हाताच्या मागे फिरवून वजन बसवता येणारं, पिन बदलता येणारं, मॅग्नेटिक पिनचं टर्नटेबल हवं. दीड-दोन ग्रॅममध्ये काम भागतं. आज बऱ्याच प्लेअरांत फोनोचा टप्पा आतच असतो आणि मागे ‘फोनो/लाइन’ अशी कळ असते. तुम्ही कळ फोनोवर ठेवून वायर फोनोच्या भोकात लावा, आणि अर्थिंगची बारीक वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या खुंटीला विसरू नका. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास जाते. रोज तासभर ऐकणार असाल तर दीड-दोन वर्षांनी नवी घालायची. सुई दिसायला ठीक दिसते, म्हणून लोक दहा-दहा वर्षं तीच घासतात आणि दोष तबकडीला देतात.

एवढ्यात हात अगदीच आखडता असेल तर सिरॅमिक पिन आणि ऑक्सच्या मध्ये एक मेगओहमचा, म्हणजे त्याच दहा लाख ओहमचा, छोटा बफर (मधला जोड-सर्किट) कुणीही चांगला कारागीर बसवून देईल. खर्ज परत येईल. पण सुईचा तबकडीवरचा भार तसाच राहील, आणि दीडशे एलपी असलेल्या घरात मी तो सल्ला देणार नाही.

चेंजर ठेवा म्हटलं ते ७८ च्या पेटीसाठी. नव्या टर्नटेबलांत ७८ चा वेग सहसा नसतो. शिवाय त्या तबकड्यांची घळ रुंद, तिला एलपीच्या सुईच्या तिप्पट जाड सुई लागते. तुमच्या पालथ्या होणाऱ्या पिनमध्ये ती आहे. चेंजरचं रबरी चाक स्पिरिटनं पुसून घ्या, जुनं ग्रीस काढून नवं भरा आणि ७८ ची सुई तेवढी नवी घाला. हा ऑक्समध्ये, नवा फोनोत. आणि ७८ च्या तबकड्या किंवा साठच्या दशकातल्या मोनो एलपी लावताना अ‍ॅम्प्लिफायरवर ‘मोनो’ बटण असेल तर ते दाबा, निम्मी चरचर तिथंच जाते. स्टीरिओ एलपी बाजारात आल्या त्या १९५८ च्या सुमारास, त्यामुळे अप्पांच्या संग्रहातल्या बऱ्याच गोष्टींत डावं-उजवं नाहीच.

राहिले बॉक्स. पुढची जाळी काढा आणि वूफरच्या कडेच्या गोल रिंगला बोटानं अगदी हलकं दाबून बघा. शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी तुटून बोटाला चिकटली तर ती फोमची होती आणि संपली. आपल्याकडच्या दमट हवेत फोम लवकर कुजतो. रिंग आठ इंची मापाची वेगळी मिळते. जुना गोंद खरवडून, कोन बरोबर मध्ये बसवून चिकटवायची. काम चिकाटीचं आहे, महागाचं नाही. कोन घासत नाही ना, हे बघायला दोन्ही अंगठ्यांनी सारख्या जोरानं तो आत ढकलायचा. आतून कागद खरडल्यासारखा आवाज आला तर पुन्हा बसवायचा. दोन्ही बॉक्सची रिंग एकदमच बदला, एकच बदललात तर पुढच्या वर्षी दुसऱ्यासाठी याल. रिंग कापडाची किंवा रबराची निघाली तर फरफर वायंडिंगची असेल, मग मात्र तो वूफर काढून दाखवावा लागेल.

बदला असं मी कधी म्हणतो? ट्रान्स्फॉर्मर जळालेला असला, प्रिंट बोर्ड कोळसा झालेला असला, उंदरांनी आत घर केलेलं असलं, किंवा घरात बसून ऐकणारं कुणी उरलेलंच नसलं तर. वडिलांची आठवण म्हणून संच ठेवायचा तर खुशाल ठेवा, पण मग तो शोकेसमध्ये ठेवा, त्यावर खर्च करू नका. तुम्ही ऐकणाऱ्या आहात, तुमचं वेगळं.

साउंडबारवर माझा राग नाही. टीव्हीवरच्या मालिकेतले संवाद त्यात स्वच्छ येतात. मुलाला हौस असेल तर टीव्हीखाली लावू द्या.

प्रश्न : खानापूर तालुक्यातून एक वाचक : पावसाळा संपला की एलपींवर पांढरी बुरशी येते. उन्हात ठेवल्या तर जाईल का?

उत्तर : उन्हात ठेवल्या तर बुरशी जाईल आणि तबकडी पापडासारखी वाकडीही होईल. ऊन नको. मेडिकलमध्ये किंवा बॅटरीवाल्याकडे मिळणारं डिस्टिल्ड पाणी घ्या, त्यात भांड्यांच्या सौम्य लिक्विडचा एखादा थेंब. मऊ सुती कापडानं घळीच्या दिशेनं, म्हणजे गोल गोल पुसा, मधलं लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा पुसून उभ्या वाळवा. नळाचं पाणी नको, वाळल्यावर क्षार घळीत राहतात. ७८ ची तबकडी असेल तर स्पिरिट चुकूनही लावू नका, ती लाखेची असते, विरघळते. बुरशी लागलेली आतली कागदी पाकिटं फेकून नवी घाला, नाहीतर धुतलेली तबकडी पुन्हा त्याच बुरशीत जाते. कपाट पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल तर आधी ते हलवा. तुमच्याकडच्या जांभ्याच्या भिंती दिवाळीपर्यंत ओल सोडत नाहीत. आणि जून ते सप्टेंबर संच रोज तासभर चालू ठेवत जा. स्वतःच्या उष्णतेनं तो आतून कोरडा राहतो, आणि तेवढं गाणंही होतं.

प्रश्न : चिकोडीहून एक तरुण : अमेरिकेतला आतेभाऊ त्याचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि टर्नटेबल फुकट देतोय. ११० व्होल्टचं आहे. आणू का?

उत्तर : अ‍ॅम्प्लिफायर आणा, टर्नटेबल आणण्याआधी त्याची मोटर कुठली ते विचारा. २३० चं ११० करणारा ट्रान्स्फॉर्मर मिळतो, अ‍ॅम्प्लिफायरवर जेवढे वॅट लिहिलेत त्याच्या दीडपट तरी क्षमतेचा घ्या. पण ट्रान्स्फॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. तिकडची लाइन ६० हर्ट्झची, आपली ५० ची. जुन्या टर्नटेबलची एसी मोटर लाइनच्या हर्ट्झवर फिरते, म्हणजे इथं ती सहाच्या जागी पाचच्या वेगानं फिरणार. ३३ चा वेग २८ च्याही खाली येईल, आणि काळी दोनमध्ये गाणारा बुवा पांढरी एकच्याही जरा खाली उतरेल, वर ताल रेंगाळेल तो वेगळा. काही प्लेअरांना ५० हर्ट्झची वेगळी पितळी पुली मिळते, ती मिळत असेल तर प्रश्न सुटला. डीसी मोटरचं किंवा क्वार्ट्झवर चालणारं डायरेक्ट ड्राइव्ह (पट्ट्याशिवाय, मोटर थेट थाळीला) असेल तर ही अडचणच नाही, डोळे झाकून आणा. भावाला म्हणावं, प्लेअरच्या मागच्या पट्टीचा फोटो पाठव. तिथं ‘६० हर्ट्झ’ एवढंच लिहिलं असेल तर पुलीची चौकशी आधी; ‘५०/६०’ असेल तर बहुतेक काम झालं. आणि सामान भरताना तबकडी ठेवायची जड थाळी वेगळी काढून गुंडाळायला सांगा. तशीच ठेवून पाठवली तर वाटेत मधला आस वाकतो, आणि तो सरळ करायला माझ्याकडे आणू नका.